बुढे फादर आणि नवे फादर

फादर तुस्कानो आमच्या गावी आले १९६२ साली. १९८२ सालीही गाव त्यांना नवे फादरच म्हणत होतं. तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते, वरचे सगळे दात काढून झाले होते, आणि ज्या मुलींना त्यांनी बाप्तिस्मा दिला होता त्यांच्या मुलींना बाप्तिस्मा द्यायची वेळ आली होती. तरी फाटकाशी कोणी आलं की विचारायचं, "नवे फादर हायेत का जी घरी?"

खिडकीतून उत्तर यायचं, "नवे नाहीत. जुनाच एक आहे. चालेल का?"

येणाऱ्याला त्यातला राग कळत नसे. तो म्हणायचा, "चालते जी."

याचं कारण बुढे फादर. बुढे फादर म्हणजे फादर पियेर. ते तरुणपणी फ्रान्सहून आले. तुमसरकडच्या चिखल्याच्या मँगनीज खाणीवर जशपूर-रायगढकडून जे ख्रिस्ती मजूर आले होते त्यांच्यासाठी त्यांनी आमचं छोटं चर्च बांधलं, शेजारी शाळा काढली, आणि पायी फिरत बपेऱ्यापर्यंतची खेडी ओळखीची केली. १९६१ साली ते वारले. चर्चच्या मागं मोहाच्या झाडाखाली त्यांना पुरलं. त्यांना बिडीचा नाद होता. अर्धी ओढलेली बिडी कानावर खोचून ते मिस्साच्या प्रार्थनेला उभे राहायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळं लोकांनी त्यांच्या थडग्यावर मेणबत्ती न लावता बिडी लावायला सुरुवात केली. बिडी पेटवून दगडाच्या कडेवर ठेवायची आणि मनातलं मागायचं. बिडी शेवटपर्यंत जळली तर बुढ्या फादरनं ऐकलं. मधेच विझली तर पुन्हा कधी तरी यायचं. फाटकासमोर भैय्यालालचा पानठेला होता. भैय्यालाल हिंदू, तेली. पण त्याच्या ठेल्यावर एका डब्यात वेगळ्या बिड्या असत, जराशा सैल वळलेल्या, म्हणजे विझायच्या नाहीत. तो त्यांना फादरच्या बिड्या म्हणायचा.

मी या गावात लग्न होऊन आले. माझं शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमचे हे, लक्ष्मणराव, खाणीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. ते १९७० साली गेले. आमचं घर चर्चच्या समोर. वेदीवरची कापडं धुणं, खळ घालणं, इस्त्री करणं हे काम माझ्याकडं होतं. सिस्टरांनी लहानपणी रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती सुटली नाही. म्हणून या माणसाबद्दल लिहिताना मला आठवणीवर फार भार टाकावा लागत नाही.

फादर तुस्कानो वसईचे. घरात मराठी, शाळेत मराठी, प्रवचन तर असं की ऐकताना वाटायचं हा माणूस पुस्तकं का लिहीत नाही. पण आमच्या भागातलं "मले" आणि "तुले" त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. एकदा माझ्या ओसरीवर चहा घेताना म्हणाले, "रत्नाबाई, फ्रान्समधून आलेला माणूस यांच्यासारखं बोलला, म्हणून तो यांचा. मी मराठी आईच्या पोटचा, आणि मला बंबईवाले फादर म्हणतात. वसई मुंबईत नाही, हे मी किती जणांना सांगू?"

मी म्हटलं, "बुढे फादर जिवंत होते तेव्हा गाव त्यांच्यावर एवढं काही खूश नव्हतं. फार चिडखोर होते. मिस्सात कोणाचं मूल रडलं की बाहेर काढायचे. शकुनबाईच्या सासऱ्याला त्यांनी छत्रीनं मारलं होतं."

फादरांनी कप खाली ठेवला.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, चहा संपवला आणि फार हलक्या पावलांनी घरी गेले. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ते ओसरीवर येऊन बसायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "ते छत्रीचं काय झालं होतं?"

फादर ऋतूंकडं फार बारकाईनं पाहायचे. त्यांची प्रवचनं त्यातूनच यायची. ते म्हणायचे, पुस्तकात चर्चचं एक वर्ष असतं, आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थान. आणि इथं धानाचं दुसरं वर्ष असतं. धर्मगुरूनं या दोन वर्षांची गाठ मारायची असते. त्यांनी ती मारायचा मनापासून प्रयत्न केला. अडचण अशी की प्रत्येक गाठीवर आधीच एक म्हातारा बसलेला असायचा.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, फादर बियाण्याला आशीर्वाद देत. ही त्यांनी सुरू केलेली रीत. लोक टोपल्यांतून धानाचं बियाणं घेऊन चर्चमध्ये येत. फादर पवित्र पाणी शिंपडत आणि सुंदर प्रार्थना म्हणत. मिस्सा संपली की सगळ्या टोपल्या मागच्या दारानं मोहाच्या झाडाकडं जात. तिथं मूठभर बियाणं दगडावर ठेवायचं, बिडी लावायची, आणि मग घरी. एका वर्षी फादरांनी मागच्या दाराला कुलूप लावलं. लोक पुढच्या दारानं निघाले, चर्चला वळसा घातला आणि मागं गेले. कोणी तक्रारही केली नाही. उलट चर्च झाडणारी शकुनबाई त्यांना म्हणाली, "फादर, मागचं दार अडकलं वाटते. सुतार धाडू का?"

रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत चर्च ओस पडे. सगळी माणसं बांधीत, धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात. फादर म्हणायचे, ठीक आहे, देव बांधीतही आहे. ते स्वतः छत्री घेऊन बांधावर जायचे, बायकांची विचारपूस करायचे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी लीलाबाई नावाच्या एका रोवणारणीला विचारलं, "रोपांची पहिली पेंडी कुठं लावली?" ती म्हणाली, "बुढ्या फादरपाशी नेऊन ठेवली ना जी." फादर म्हणाले, "छान," आणि परत येताना वाटभर माझ्याशी बोलले नाहीत.

पोळ्याला त्यांनी बैलांवर पवित्र पाणी शिंपडायचं ठरवलं. चर्चच्या दारात पांढरा झगा घालून उभे राहिले. बैल सजून आले, शिंगांना रंग, पाठीवर झुली. आले, आणि फादरांच्या समोरून सरळ मोहाच्या झाडाकडं गेले. हाकणाऱ्यांचा काही दोष नव्हता. दरवर्षीची वाट बैलांना पाठ होती. फादर भांडं घेऊन मागोमाग गेले आणि थडग्यापाशी शिंपडलं. त्यावर भैय्यालाल सगळ्यांसमोर म्हणाला, "पाहा, नवे फादरबी मानतेत."

दिवाळीनंतर मंडई. गावोगावी जत्रा, नाटकं, दंडार. दंडारीचे लोक तोंडाला रंग लावायच्या आधी थडग्यावर बिडी लावून जात. नोव्हेंबरात मृतांचा दिवस येई. तेव्हा तर फादरांना सुटकाच नसे, कारण त्या दिवशी मेलेल्यांसाठीच मिस्सा करायची. ते नागपूरहून एक उंच मेणबत्ती आणत आणि थडग्यावर स्वतः लावत. "नाही लावली तर लोक म्हणतील मी जळतो," असं मला म्हणाले होते. दगडाच्या कडेनं ओळीनं बिड्या धुमसत असत आणि त्या धुरात फादरांना दमा लागे. खोकत खोकत ते प्रार्थना पूर्ण करत.

उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट ही प्रार्थना असे. तेच मोहाची फुलं पडायचे दिवस. पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन रानात. आणि चर्चच्या मागच्या झाडाखालचा मोह मात्र कोणी घरी नेत नसे. तो बुढ्या फादरचा. तो वेचून, वाळवून, त्याचं जे होतं ते करून त्यांच्या नावानं पिऊन टाकत. या बाबतीत फादर तुस्कानोंनी वेदीवरून फार कडक शब्द वापरले. त्या संध्याकाळी शकुनबाई माझ्याकडं आली आणि म्हणाली, "नवे फादर चांगले हायेत वो बाई. पण बोलतेत लय. बुढे फादर कसे चूप राहतेत."

ही शकुनबाई बुढ्या फादरच्या वेळी ख्रिस्ती झालेल्या घरची सून. तिचं बाप्तिस्म्याचं नाव मोनिका, पण ते तिलाही आठवत नसे. नवरा लवकर गेला. इश्वर हा एकच मुलगा. तो एका खासगी ठेकेदाराकडं खणकाम करायचा.

१९८१ च्या पावसाळ्यात एका जुन्या खड्ड्याची कड ढासळली. आत दोघं होते, त्यात इश्वर. वाट चिखलानं बंद झाली. निरोप आला तेव्हा फादर जेवायला बसले होते. ताटावरून उठले, छत्री घेतली आणि मिळेल त्या ट्रकनं गेले. मी शकुनबाईला घेऊन मागून गेले. लोक चिखल उपसत होते. पाऊस थांबत नव्हता. शकुनबाई कडेला बसली ती उठेना. फादर तिच्या शेजारी उभे राहिले. दमा असलेला, साठीचा माणूस, पायात साध्या चपला. एका हातानं तिच्या डोक्यावर छत्री धरलेली आणि दुसरा हात तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. खाली बसायला कोणी खोकं दिलं तरी ते बसले नाहीत, कारण बसलं की छत्री तिच्यावर येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला म्हणून एकच गलका झाला. तेव्हा शकुनबाईनं जी हाक मारली ती सगळ्या टेकडीनं ऐकली.

"बुढे फादर! माह्या इश्वरले बाहेर काढा वो! बुढे फादर!"

फादर तुस्कानोंचा हात तेव्हाही तिच्या हातात होता.

दोघंही जिवंत निघाले. इश्वरचा पाय मोडला होता, बाकी काही नाही. त्याला दवाखान्यात घेऊन एक ट्रक गेला. दुसरा ट्रक शकुनबाईला आणि निम्म्या गावाला घेऊन थडग्याकडं गेला. खड्ड्याच्या कडेला आम्ही दोघंच उरलो, मी आणि फादर. माझ्या पिशवीत थर्मास होता. मी चहा दिला.

"हाक त्याला मारली तिनं," ते म्हणाले.

"भानावर नव्हती ती."

"म्हणूनच. भानावर असती तर माझंही नाव घेतलं असतं, मान राखायला. भान गेल्यावर माणूस खरं बोलतो." त्यांनी चहा घेतला नाही. "रत्नाबाई, मी मेल्याशिवाय यांच्या कामाचा नाही."

दुसरं कोणी असतं तर मी समजूत घातली असती. पण मला ते काय म्हणतात ते फार चांगलं ठाऊक होतं. मी लक्ष्मणरावांची दुसरी बायको. पहिली चंद्रकला, लग्नानंतर तीन वर्षांत गेली. तिची तसबीर आमच्या समोरच्या खोलीत होती आणि अजून आहे. मी त्या घरात वीस वर्षं स्वयंपाक केला. चंद्रकलेची भाजी कधी खारट झाली नाही, कारण ती भाजी करतच नव्हती. ती कधी आजारी पडली नाही, कधी तिनं पैसे मागितले नाहीत, ती कायम बावीस वर्षांची राहिली. मी फादरांना हे सांगितलं. आधी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "आणि लक्ष्मणराव गेल्यावर? आता तरी सुटलं असेल."

"कुठलं! आता ते दोघं तिकडं आहेत आणि मी इथं."

त्या ओल्या चिखलात फादर तुस्कानो इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग त्यांनी चहा मागून घेतला. पण हसल्यानं काही मिटलं नाही. महिन्याभरात त्यांनी बिशपांकडं बदली मागितली. कारण दिलं दम्याचं. खरं कारण त्यांना आणि मला माहीत होतं.

ईस्टरनंतर मंजुरी आली. मे संपता संपता नागपूरला, निवृत्त धर्मगुरूंच्या घरी. रविवारच्या मिस्सात त्यांनी ते जाहीर केलं. ते दिवस बिडीच्या तेंदूपत्त्याचे. माणसं पहाटे रानात जात आणि दिवसभर पुडे बांधत, त्यामुळं चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका आणि पोरं तेवढी होती. फादर म्हणाले, "मी तुमचा निरोप घेतो आहे," आणि थांबले. मग त्यांनी शेवटची प्रार्थना म्हटली.

पुढचे दिवस वाईट गेले. फादरांनी तुमसरहून एक मोठी लोखंडी ट्रंक मागवली आणि पुस्तकं भरायला घेतली. रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन तेच विचारायचे.

"लोकांना कळलं असेल ना?"

"कळलं आहे."

"काही बोलतात का?"

"पत्त्याच्या गडबडीत आहेत."

"बुढा जात असता तर गडबड राहिली असती?"

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, या लोकांनी दारात येऊन म्हणावं, फादर, जाऊ नका. कोणी म्हणालं असतं तरी ते गेले असते, असंही ते मला सांगत. त्यावर माझा विश्वास नव्हता.

आणि एका दुपारी लोक आले. मी वेदीवरची कापडं घेऊन चर्चमधून निघत होते. फाटकातून चांगली वीस-पंचवीस माणसं आत येत होती. पुढं भैय्यालाल, त्याच्या हातात मोगऱ्याचा हार. मागं शकुनबाई, काठी टेकत इश्वर, आणि शाळेचे आनंदराव गुरुजी. गुरुजी बौद्ध. थडग्याकडं ते कधी फिरकत नसत, म्हणून ते दिसल्यावर मला वाटलं, आता मात्र गाव खरंच आलं. मी धावत जाऊन फादरांना सांगितलं. त्यांनी चटकन दात बसवले, केसांवरून कंगवा फिरवला, पांढरा झगा घातला आणि मला म्हणाले, "मोठ्या पातेल्यात चहा टाका. साखर हात राखून नको." व्हरांड्यात खुर्ची ओढून बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

भैय्यालालनं घसा साफ केला. "फादर, एक विनंती हाय. सगळ्या गावाची हाय. नाही म्हणू नका."

फादरांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. "बोल भैय्यालाल. मनमोकळं बोल."

"तुमी नागपूरले जाऊन राहिले. ठीक हाय. पण बुढ्या फादरले नेऊ नका."

फादरांना काही कळेना. "कोणाला?"

"बुढ्या फादरले जी. आमाले मालूम पडलं. तिकडं जबलपूरकडं एका फादरची हाडं अशीच काढून शहरात नेली म्हणतेत. तुमी एवढी मोठी ट्रंक मांगवली, ती कायले मंग?"

आनंदराव गुरुजी पुढं झाले. "फादर, मी थडगं मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या बापाले त्या माणसानं हाताला धरून शाळेत बसवलं. ते दुसरीकडं गेलेले मलेबी चालणार नाही."

मी चहाचं पातेलं घेऊन दारात उभी होते. फादर उठले, आत गेले, ट्रंक ओढत बाहेर आणली आणि झाकण उघडलं. वर बायबलचे खंड, खाली जुनी मासिकं, आणि एका कोपऱ्यात त्यांचे लोकरी मोजे.

"पुस्तकं," ते म्हणाले.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. हसू फुटलं. इश्वर म्हणाला, "मी सांगतलं होतं, एवढ्याशा ट्रंकेत बुढे फादर माव्हणार नाहीत. लंबे होते." भैय्यालालनं हार इश्वरच्या हातात दिला आणि म्हणाला, "जाय, दगडावर घालून ये." म्हणजे हारही बुढ्या फादरचाच. मी कप भरू लागले, लोक फुर्र फुर्र चहा पिऊ लागले. फादर उघड्या ट्रंकेजवळ उभेच होते.

"आणि मी?" ते एकदम म्हणाले.

"तुमी काय जी?" भैय्यालालनं विचारलं.

"मी जातो आहे. त्याबद्दल कोणाची काही विनंती आहे का?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. शकुनबाई म्हणाली, "तुमी तं दरसाल जाता. दमा घेऊन दवाखान्यात. मंग येता."

"कायमचा जातो आहे, शकुनबाई. मिस्सात सांगितलं मी."

तिनं कप खाली ठेवला. "कायमचे? काहून?"

फादरांच्या पोटात जे होतं तेच बाहेर आलं. "कारण माझ्याकडं कोणी काही मागत नाही. सगळं त्याच्याकडं मागता. बियाणं त्याला, पेंडी त्याला, बैलसुद्धा त्याला. तुझा मुलगा आत अडकला तेव्हा छत्री मी धरली होती आणि हाक तू त्याला मारलीस."

कोणी चहा पिईना. इश्वर हार घेऊन पायरीवर थबकला होता. मला वाटलं आता शकुनबाई रडणार, पण ती रडणाऱ्यातली नव्हती.

"मारली हाक," ती म्हणाली. "पण हात कोणाचा धरला होता जी मी? हातभर दूर असतं त्याले कोणी हाका मारते का? तो इतक्या दूर झाडाखाली झोपून. ओरडल्याबिगर त्याले कसं आइकू गेलं असतं?"

"आणि मागणं?"

"तुमच्यापाशी मांगाची लाज वाटते ना. तुमाले आमच्या घरचं सारं मालूम. तुमी नाही म्हणू शकता. तो कुठं काही म्हणते!"

गुरुजी म्हणाले, "आणि मागत नाही असं कसं? माझी बदली अडली होती तेव्हा तुमच्याकडंच आलो होतो. भैय्यालालची मुलगी नर्सिंगला कोणी धाडली?"

"ते काम झालं," फादर म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, आणि ते झालं असं दाखवायचीही त्यांची तयारी नव्हती. "मी मेल्यावर माझ्याकडं मागाल का?"

"मांगू ना जी," भैय्यालाल म्हणाला. "पण तुमी बिडी पीत नाही. तुमच्यासाठी ठेवाचं काय?"

"सुपारी ठेवू," कोणीतरी म्हणालं.

"दात कुठं हायेत त्यायले?" शकुनबाई म्हणाली.

यावर फादरांनाही हसू आवरेना. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. मला त्याच्या शेजारी पुरू नका. जन्मभर त्याच्या मागं उभा राहिलो. मेल्यावरही त्याच्या बाजूला दुसरा नंबर मला नको."

"मंग कुठं?"

फादर पायऱ्या उतरले. सगळे त्यांच्या मागं. मीही पातेलं तसंच ठेवून गेले. ते अंगणभर फिरले. विहिरीपाशी थांबले, नको म्हणाले. घंटेखाली थांबले, तिथं आवाज फार. मग फाटकाशी आले. आत शिरलं की उजव्या हाताला, जिथून पायवाट मोहाच्या झाडाकडं वळते, तिथं उभे राहिले. वाटेकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, आणि त्या पांढऱ्या झग्यासकट जमिनीवर उताणे झोपले.

"अजी उठा, मुंग्या हायेत तिथं!" शकुनबाई ओरडली.

"थांब. बघू दे." त्यांनी डोकं वळवलं. "इथून फाटक दिसतं. येणारा जाणारा दिसतो. त्याच्याकडं जायचं तर आधी माझ्याजवळून जावं लागेल."

आनंदराव गुरुजींना आधी कळलं. "फादर, हा तर नाका झाला!"

"नाका तर नाका. त्याच्याकडं काय मागायला चालला आहात ते मला तरी कळेल."

लोक पोट धरून हसत होते. इश्वरनं हार कुठं घालावा याचा विचार करत एकदा झाडाकडं आणि एकदा जमिनीवरच्या फादरांकडं पाहिलं. शकुनबाई मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून ती त्यांच्या डोक्याशी उभी राहिली.

"नागपूरले जाऊन मरान, तं इथं कसे झोपान?"

फादर उठून बसले. पाठीला माती, कोपराला मुंगी चावलेली. उठले, झगा झटकला आणि घरात गेले. लोकही पांगले. इश्वर जाताना हार झाडाखालच्या दगडावर घालून गेला, कारण आणला होता तो त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं फादर नागपूरला गेले आणि त्याच्या पुढच्या दिवशी परत आले. बिशपांशी काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरांकडून कळलं की बिशप बराच वेळ रागावले होते आणि शेवटी म्हणाले, दमा तुमचा आहे, तुम्ही बघा. फादरांनी पुस्तकं पुन्हा कपाटात लावली. ट्रंक भैय्यालालनं अर्ध्या किमतीत मागितली, ती त्यांनी दिली नाही.

जूनमध्ये बियाण्याच्या आशीर्वादाला लोक टोपल्या घेऊन आले. मिस्सा झाली, पाणी शिंपडून झालं, आणि टोपल्या मागच्या दारानं झाडाकडं गेल्या, अगदी दरवर्षीसारख्या. फादर खिडकीशी उभे होते. मी आत वेदीवरची कापडं घड्या घालत होते. भैय्यालाल सायकलवरून आला आणि फाटकाजवळ उजव्या हाताला ती उभी करून झाडाकडं निघाला.

"भैय्यालाल!" फादर खिडकीतून ओरडले. "सायकल उचल. ती जागा माझी आहे."

"आताच कुठं लागून राहिली तुमाले!"

"नसेल लागत. जागा माझी आहे. उचल."

भैय्यालालनं सायकल वीतभर सरकवली.

"अजून," फादर म्हणाले.

त्यानं अजून वीतभर सरकवली आणि कानावरची बिडी काढत मोहाच्या झाडाकडं गेला. फादर खिडकीतच उभे राहून त्याच्याकडं पाहत होते.

"सैल वळलेली आणली असेल," ते मला म्हणाले. "लबाड. विझणार नाही."

ती विझली नाही.